ऐंशीवर

भाचा मागच्या सीटवरून म्हणाला,
मावशी, तू चौपन्नने चालली आहेस.
मी काट्याकडे पाहिलं. साठ.
त्याच्या फोनमध्ये चौपन्न.
उसगावचा सरळ रस्ता, पुढे खनिजाचा ट्रक,
ताडपत्रीखालून लाल धूळ सांडत जाणारा,
आणि एकाच गाडीत दोन आकडे,
भांडण झालेल्या जावांसारखे बसलेले.

फोंड्याला इनासने बॉनेटसुद्धा उघडलं नाही.
"काटो फट मारता, बाय. पूण चड ना."
पुढचं माझ्यासाठी मराठीत:
कंपनीच तसा बसवते.
कमी दाखवला तर तिच्या अंगाशी येतं,
जास्त दाखवला तर कोण विचारतो?
त्यात हे टायर.
झिजलं की चाक लहान होतं,
लहान चाक जास्त गिरक्या घेतं,
आणि काटा गिरक्या मोजतो, बाय.
रस्ता त्याने कधी बघितलेलाच नाही.

मानकुराद घेताना देठ चाचपतात
तसा त्याने टायरवर अंगठा फिरवला.
पूर्वी तुझा बाबा तर टकले टायर चालवायचा, म्हणाला,
तेव्हा काटा याहून फुशारक्या मारत असणार.

मी दहा टक्केच धरले.
ऐंशीचे बहात्तर.
हे गणित मला करायचं नव्हतं.

गाडी बाबांची. टॅक्सीचा पिवळा रंग
दाराच्या सांध्यात अजून आहे.
अठ्ठ्याण्णवच्या मार्चात, काजूच्या बागेत
सगुण गावसला घोणस चावली.
वाळपईत इंजेक्शन संपलेलं.
वाळपई ते बांबोळी, पन्नास किलोमीटर धरा,
खांडेपारचा पूल, बाणस्तारीचा पूल,
मध्ये एक म्हैस.
डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतंत
तर पाय राहिला असता.
बाबा म्हणाले, काटा ऐंशीवर होता.

ते वाक्य त्यांनी मग सोडलंच नाही.
मासळीवालीशी भाव करताना मध्येच,
मतदानाच्या रांगेत,
माझ्या लग्नात व्याह्यांना ताक वाढताना:
काटा ऐंशीवर होता हो.
आणि व्याही म्हणाले, कसला काटा?

ऐंशीने साडेसदतीस मिनिटं.
बहात्तरने पावणेबेचाळीस.
सव्वाचार मिनिटं
मी पेट्रोलच्या पावतीमागे लिहून
पावती चावून बारीक केली.
त्या वळणांवर सलग ऐंशी कुणालाच जमत नाही,
मला ठाऊक आहे.
सव्वाचार मिनिटांत पाय मावतो का,
डॉक्टरांनाही ठाऊक नसेल.
तरी.

इनास म्हणाला, नवे टायर घाल, थोडा खऱ्यावर येईल.
मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

घरी बाबांनी विचारलं, काय म्हणाला?
काही नाही, म्हटलं, वायपरचं रबर गेलंय.
मग त्यांना सोडा प्यायचा होता,
म्हणजे वाळपईच्या स्टँडवर जायचं होतं,
म्हणजे सगुणच्या गाड्यावर.
तो कुबडी खांबाला टेकवून लिंबू कापतो.
बाबांकडून पैसे घेत नाही, बाबा ते बरणीखाली ठेवतात,
हे सव्वीस-सत्तावीस वर्षं चाललंय.

बाकावर एक नवखा पोरगा होता, कंडक्टर.
बाबांनी त्याला धरलंच. काटा ऐंशीवर होता.
पोरगा हसला, जुन्या ओम्नीत?
मी सोड्याच्या गोटीकडे बघत राहिले.

सगुणने सुरी खाली ठेवली.
होता, म्हणाला.
मी मागे आडवा होतो,
दोन सीटांच्या फटीतून मला दुसरं काहीच दिसत नव्हतं.
डोळे मिटायला लागले की काट्याकडे बघायचो.
सत्तरवर आला तर मिटायचे, असं ठरवलेलं.
आला नाही.

मग त्याने माझ्या ग्लासात मीठ घातलं,
दोनदा घातलं, चुकून,
आणि मी तो सगळा प्याले.