हवा कमी करून

शाळेची पिवळी गाडी लिलावात निघाली
तेव्हा ह्यांनी बॅटरीसकट भाव केला.
एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं
लोकांच्या गाड्या रस्त्याला लावल्या,
ही पहिली स्वतःच्या नावावर.
बाकडी काढली, दोन ठेवली, त्यावर पलंग.
खिडकीखाली शेगडी, सीटमागे पाण्याचा कॅन,
दप्तरं अडकवायच्या हुकांना
आता माझी चाळणी, ह्यांचा मफलर, दुर्बीण.
रंग तसाच राहिला.
सिग्नलला पोरं अजून हात करतात.

अशोक चौकातली भावकी म्हणाली,
या वयात माणसं तिरुपतीला जातात,
तुम्ही नान्नजच्या माळावर काय बघणार?
गवत, म्हटलं.

मार्गशीर्ष लागला की निघतो.
डब्यात दीडशे कडक भाकऱ्या, शेंगाचटणी.
गड्ड्याच्या यात्रेला दोन दिवस घरी,
मग पुन्हा माळ,
शिवरात्रीला ऊन चावायला लागेपर्यंत.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कोरेंच्या बांधाला मुक्काम.
भाडं एवढंच, की त्यांची पाण्याची मोटार बिघडली
तर हे दुरुस्त करणार.
पहाटे तांब्या हातात धरवत नाही.
काळवीट येतात वीस पावलांवर,
पिवळ्या गाडीचं त्यांना काही नाही.
भोवत्या गवतावरून इतका खालून उडतो,
की कुणाची हरवलेली किल्ली शोधतोय वाटतं.
माळढोक दिसला नाही. सहा हिवाळे.
हे रोज दुर्बीण पुसून ठेवतात.

मी टेलिफोन भवनात एकतीस वर्षं
"लातूर लाइनवर आहे, बोला" म्हणत
लोकांची बारशी, मयती, कापसाचे भाव
एकमेकांना जोडून दिले.
इथं रेंजच नाही.
रविवारी टेकाडावर चढून हात उंच केला
की हिंजवडीहून मुलगा येतो, तुकड्यातुकड्यांनी :
आई... थंडी... बाबांचा गुडघा...
हो हो, म्हणते.
मधले शब्द भरायची मला सवय आहे.

मागच्या पौषात सीनेच्या पात्रात उतरलो.
रेतीत हवा कमी करायची असते, हे म्हणाले,
कडक चाक रुततं,
मऊ चाक उंटासारखं पाय पसरून चालतं.
चारही चाकांतून सूं करून निम्मी हवा सोडली.
मधोमध गेलो
आणि बसली. आसापर्यंत.
फळी घातली, ती मोडली. दगड घातले, ते गिळले.
डेपोतल्या सगळ्या शिव्या झाल्या.
काठावर शेळ्यांची एक पोर
बोरं खात, बिया थुंकत बघत होती.

मी आतून चादर काढली.
लग्नात वडिलांनी स्वतःच्या मागावर विणलेली,
दोन मोर, मध्ये मल्लेशम आणि भुदेवी,
भू ऱ्हस्व, कारण मागावर धागा कमी पडला
आणि वडील कुणाला विचारणारे नव्हते.
वेडी झालीस? ही नको, हे म्हणाले.
चव्वेचाळीस वर्षं पेटीत आहे, मी म्हटलं,
डांबरगोळ्यांनी किती वेळा पांघरायची?
आणि घातली चाकाखाली.

इंजिन किंचाळलं, मोराने चाक धरलं,
गाडी अशी सुटली
की पोर शेळ्यांसकट पळाली.

पलीकडे पंपाने हवा भरताना
हे एक शब्द बोलले नाहीत.
मी डबक्यात चादर तीनदा साबणाने घासली.
रेती गेली. टायरची नक्षी नाही गेली.
मोराच्या मानेवरून माझ्या ऱ्हस्व नावापर्यंत
काळा, आडवा, कोरून काढल्यासारखा पट्टा.

आता तीच पांघरतो.
बाहेर टिटवी ओरडते, पत्रा थंडीने टकटक वाजतो,
आणि हे अंधारात
त्या पट्ट्यावरून बोट फिरवतात,
नाडी बघावी तसं.
"भूदेवी," म्हणतात,
"मागचा डावा घासलाय गं फार.
पुढच्या हिवाळ्याआधी बदलू."