शिल्लक

राखेतून त्यांनी दोन तुकडे वेगळे काढून दिले,
केळीच्या पानावर, अस्थींच्या बाजूला.
मसणातला पोर म्हणाला, "बाब, हें लोखंड तुमचें."
लोखंड नव्हे, मी म्हटलं, कोबाल्ट-क्रोम.
त्या क्षणी एवढंच सुचलं.

एकतीस वर्षं मी फेरीबोटीचा फिटर,
रायबंदर–चोडण. शाफ्ट, बुश, बेअरिंग.
काय किती झिजलंय
हे मला आवाजावरून कळायचं.
म्हणून बांबोळीला डॉक्टर मिनेझिसनी
टेबलावर नमुना ठेवला तेव्हा कुमुदिनी गप्प होती
आणि प्रश्न मी विचारले:
धातूवर धातू नाही ना? मध्ये काय?
प्लास्टिक, ते म्हणाले, चांगल्या जातीचं.
तेल?
तेल शरीर घालतं.
आणि किती वर्षं?
"पंधरा तरी. वीससुद्धा. पुष्कळांचे त्याहून जास्त.
शेवटी वापरावर आहे."
वापरावर आहे, हे मीही
खलाशांना हजारदा ऐकवलेलं.

तिचा वापर:
पहिल्या महिन्यात चौकटीला धरून शंभर पावलं,
रडत, मला शिव्या देत.
मग अंगणवाडी. तिथे सव्वीस वर्षं ती जमिनीवर बसलेली,
आता खुर्चीवर; पोरांना वाटलं, बाई उंच झाल्या.
मांडी नाही. उकिडवं नाही.
चवथीला माटोळीखाली उभ्यानेच हात जोडायची,
देवाला म्हणायची, सांधा डॉक्टरचा आहे,
तू रागावू नकोस.
फुगडी मात्र एकदा घातली, बहिणीच्या घरी, दार लावून,
आणि मला आठ दिवस सांगितलं नाही.
पावसाळ्यात दुसरा गुडघा दुखायचा, तिचा स्वतःचा.
हा नाही. हा फक्त कधीतरी वाजायचा,
टक्, जिना उतरताना.
खालच्या खोलीत मी चहा ठेवायचो.

बाराव्या वर्षीच्या एक्स-रेवर मिनेझिसनी पट्टी लावली.
फट जराशी कमी. अर्धा मिलिमीटर.
"काळजी नको, अजून पुष्कळ आहे."
पुष्कळ होतंच.
चौदाव्या वर्षी बंद पडलं ते हृदय,
ज्याच्याबद्दल आम्ही कुणालाच
काही विचारलं नव्हतं.

आता रात्री टेबलावर वर्तमानपत्र पसरून
मी व्हर्निअर काढतो.
रॉकेलने पुसलेली वरची गोलाई, जाळाचे जांभळट डाग.
आतल्या बाजूला एक ओरखडा.
ती त्या पायावर जरा आत कलून चालायची.
मोजतो. पण मोजायचं ते नाहीच,
झिजणारा तुकडा जळून गेला.
सहा वर्षं उरली होती की सोळा,
आता कुणाला विचारू.

मुलगी म्हणते, पपा, सोडा ते मांडवीत.
अस्थी सोडल्या, फेरीच्या रॅम्पवरून,
ओहोटी लागताना. डावा गुडघाही त्यातच गेला असणार.
उजवा हा.

फळीवर नायलॉनचा तुकडा होता, जुन्या बुशाचा.
करवतीने कापला, कानशीने घासला,
दोन्हींच्या मध्ये बसवला, बोटभर ग्रीस.
वाकवून पाहिलं.
तिच्या फायलीत लिहिलंय एकशे दहा अंश.
एकशे पाचपर्यंत जातो.
उद्या अजून थोडं घासेन.