हौद

फिलोमिनाबाई खानापूरहून साडेदहाच्या बसनं आल्या.
हातात छत्री, पिशवीत स्वतःचा थर्मास,
म्हणजे पहिला चहा कुणाच्या घरचा
हा प्रश्न उतरल्या उतरल्या मिटला.
खुर्ची नको म्हणाल्या, सतरंजीही नको.
खुर्ची खालच्या आळीतली होती,
सतरंजी वरच्या.
काठावरची बादली उपडी घातली
आणि तिच्यावर बसल्या.

मला बोलावलं, कारण माझ्याकडे वही असते.
मापांची. मी दस्तगीर, शिंपी,
दोन्ही आळ्यांच्या कमरा मला पाठ.
मष्णूच्या लेंग्याच्या मापाखाली
तारीख घातली आणि लिहिलं:
विषय, तळं.

तेवढ्यावरच पहिलं भांडण.
तळं का? केरे का नाही?
बांधावरच्या पाटीला दोनदा डांबर लागलंय,
एकदा यांनी, एकदा त्यांनी.
आता तिच्यावर बगळा बसतो.
त्याला वाचता येत नाही, त्याचं बरं आहे.
मी शब्द खोडला. नुसतं 'विषय' ठेवलं.

बाईंच्या घरी कोंकणी.
"मला तुमचं अर्धं कळतं, त्यांचंही अर्धंच," म्हणाल्या.
"म्हणून नियम एक.
बोलायच्या आधी, आधीचा जे बोलला
ते आपल्या भाषेत सांगायचं.
तो बरोबर म्हणाला, तरच पुढं."

म्हणजे उलट टिपेनं शिवायचं.
एक टाका पुढं, अर्धा मागं.
वेळ जातो, पण शिवण उसवत नाही.
हे मी लिहिलं नाही.

बसलिंगव्वा उठली, पदर खोचून.
"नम्म एम्मिगे नीर बेकु. मंदीगू बेकु. केसरु ब्याडा."
पाळी मष्णूची.
मष्णूनं तळ्याकडे बघितलं, मग चपलेकडे.
कन्नड त्याला येत नाही असं नाही,
गुर्लहोसूरच्या बाजारात बैलाचा भाव
तो कन्नडमध्येच पाडतो.
पण इथं, सगळ्यांसमोर.
"आमच्या म्हशींना पाणी पाहिजे," तो म्हणाला,
हळू. "माणसांनाबी पाहिजे.
चिखल नको."
आणि थांबला,
कारण सकाळपासून घोकून आणलेलं
त्याचं स्वतःचं वाक्य
आता संपून गेलं होतं.

"बरोबर?" बाईंनी बसलिंगव्वाला विचारलं.
"हौदु," ती म्हणाली.

गुंडूतात्या मागं बसलेले, एक कान गेलेला.
"हौद?" ते ओरडले. "खटे बांधूलाव?"

हसले सगळे. शिवपुत्राप्पा तर ठसका लागेपर्यंत.
तीन उन्हाळे मोडलेल्या काठ्या,
एक पोलिस जीप, एक सोडलेलं लग्न,
सगळं त्या हसण्यात थोडं थोडं सैल झालं
आणि मग एकदम कुणी काही बोलेना.

बाई हसल्या नव्हत्या.
त्यांनी तात्यांचा प्रश्न उचलून मधे ठेवला:
"कुठं?"

जांभळीखाली, कुणीतरी म्हणालं.
तिथं उतार आहे, दुसरं कुणीतरी.
गुरं तिथंच प्याली तर तळ्यात उतरणार नाहीत.
विटा भट्टीवाल्या भरमाच्या,
गाळ त्याला फुकट मिळणार असेल तर.
कोण काय म्हणालं ते मला लिहिता आलं नाही,
नियम केव्हाच मोडला होता
आणि बाई थर्मासचं झाकण लावत होत्या.
माझ्या वहीत त्या पानावर एवढंच आहे:
लांबी चौदा, रुंदी पाच, खोली अडीच.
खाली चुकून 'बाही' लिहिलंय. सवय.

चारच्या बसनं त्या गेल्या.
खालची आळी अजून म्हणते,
बाई आतून वरच्यांच्या होत्या.
वरची आळी म्हणते, खालच्यांच्या.
मी दोन्हीकडे कपडे देतो, गप्प ऐकतो.

पाटी काळीच आहे.
हौद झाला, म्हशी पितात,
पण जांभळीकडचा कोपरा गळतो,
दुरुस्ती कुणी करायची यावर
परवा बसलिंगव्वा आणि मष्णूत पेटलं.
मी दुकान बंद केलं,
बादली काठावर नेली,
उपडी घातली.
बसलो नाही. बाजूला उभा राहिलो,
वही काखेत धरून.