जावेची गाठ

सूप मांडीवर, हजारातल्या साडेतीनशे विड्या झालेल्या,
तेव्हा कोपर लागलं
आणि डावीकडे काहीतरी टणक.
हललं नाही.

कुणाला बोलले नाही.
थोरल्या जावेला असंच निघालं होतं.
कॅन्सरच, म्हणाले सगळे. वर्षात गेली.

पू आला. घरकुलातल्या डॉक्टरनं चिरलं.
पुन्हा आला, पुन्हा चिरलं.
मग सोलापूरला, सिव्हिलमध्ये,
सुई घालून तुकडा काढला
कातरीनं पानाचा देठ काढावा इतका.
काचेवर दिसतं म्हणे सगळं.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"नरसम्मा, कॅन्सर नाही. टीबी आहे."
मला तर खोकलाच नाही, म्हटलं मी,
आणि हसू आलं.
टीबी ऐकून हसणारी बाई
त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

सहा महिने गोळ्या.
लघवी केशरी; आधी घाबरले,
मग तीच रोजची खूण धरली.
शेजारच्या अंबव्वानं माझा कप वेगळा ठेवला. ठेवू दे.
भोक भरत आलं,
दोरा ओढल्यासारखा वण राहिला.

परवा ट्रंक उघडून
जावेचं पातळ उन्हात टाकलं.
तिची गाठ
काचेवर कुणी ठेवलीच नव्हती.