वासाचा रकाना

मेडिकलमध्ये जिन्याखालच्या खोलीत माझं टेबल.
त्यावर वजनकाटा, प्लास्टिकची केळी, प्लास्टिकची पोळी
आणि एक खरं रताळं.
दर सोमवारी कॉटन मार्केटातून नवं आणते,
शनिवारपर्यंत ते हळूच कोंब काढतं,
जणू या खोलीतही रुजता येईल.

अठरा वर्षं मी त्याची वकिली केली.
नावातल्या गोडव्याला भिऊ नका, म्हटलं.
उकडून खा, सालीसकट, मुठीत मावेल एवढंच,
साखर मग सावकाश चढते,
सीताबर्डीच्या टेकडीवर म्हातारी चढावी तशी, टेकत टेकत.
भाजलं की तीच साखर लिफ्टने जाते.
कोठा साफ राहील.
आत नारिंगी निघालं तर पोरांच्या डोळ्यांना चांगलं
(आपल्या बाजारात बहुतेक पांढरंच,
त्याला ते श्रेय देऊ नका).
आणि पोटॅशियम!
त्याचं तर मी स्तोत्रच म्हणायची,
रक्तदाबासाठी, हृदयासाठी.
उपासाला साबुदाण्याच्या डोंगरापेक्षा
हे जमिनीखालचं बरं.

झिबल निखारे आला शिवरात्रीच्या आधल्या आठवड्यात.
बुधवार बाजाराच्या तोंडाशी हातगाडी,
तीस वर्षं भाजलेली रताळी.
"धंदा आडनावातच होता बाप्पा, शोधा नाही लागला."
डाव्या मनगटावर फुगलेली, थरथरती शीर,
आठवड्यातून दोनदा डायलिसिस.
रिपोर्टवर पोटॅशियम : सहा पूर्णांक एक.

"मॅडम, मले एक तरी चालन का?
साऱ्या महालाचा उपास मी सोडवतो
अन् मीच तसाच राहतो."

मी तक्ता पाहिला.
जिथे हिरवी खूण केली होती
नेमकी तिथेच याच्यासाठी लाल.
रताळं तेच. काळी माती तीच.
अठरा वर्षं गुण म्हणून मी जे मोजत आले
ते कोणाच्या रक्तात मोजायचं,
हे विचारायचंच राहिलं होतं.

"नाही," म्हटलं.
तो जरा वेळ प्लास्टिकच्या केळ्यांकडे बघत बसला.
"बरं. वास तं चालते ना?
दिवसभर वासातच उभा असतो मी."

ऊर्जा, कर्बोदकं, तंतू, सोडियम, लोह.
वासाचा रकाना माझ्या तक्त्यात नाही.

कौतिकाबाई बाहेर बाकड्यावर होती, तिला आत बोलावलं.
पोटॅशियम पाचाखाली येऊ दे, वरच्या डॉक्टरांना विचारा,
ते हो म्हणाले तरच हे करा :
साल काढा. (हे मी म्हणतेय!)
पातळ चकत्या, भरपूर पाण्यात भिजत घाला,
पाणी फेका.
नव्या पाण्यात उकडा,
तेही फेका.
मग दोन चकत्या. दोनच.
जे जे जपा म्हणून शिकवत आले
ते ते मोरीत ओतायला शिकवलं,
तिने बोटांवर मोजत पाठ केलं,
आणि विचारलं,
"मंग त्यात उरते काय?"

मी पुढचा केसपेपर ओढला.

शिवरात्र झाली. पुढच्या महिन्यात महालातून येताना
गाडीपाशी रिक्षा थांबवली.
झिबल निखारे उलथतच होता, बोटांनीच,
त्या बोटांना आता चटका कळत नाही.
"पाचाखाली आलं मॅडम. डॉक्टर हो म्हनले.
दोन खाल्ल्या. पानीपानी लागल्या."
राख फुंकून त्याने एक निवडलं,
"पन होतं थे रताळंच."
आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.
पैसे घेतले. पूर्ण घेतले.

खोलीत आले, दार लोटलं.
काट्यावर ठेवलं नाही.
साल, करपलेली बाजू, लिफ्टने जाणारी साखर, सगळं खाल्लं,
उभ्यानेच, नंबर पुकारायच्या आत.
त्या दिवशी तीन केसपेपरांवर
मधुमेह, मधुमेह, रक्तदाब,
माझ्या अंगठ्याचा काळा ठसा गेला.