घसारा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता
गाडीची किंमत ठरवू नये.
बॉनेटला हात लावता येत नाही
आणि गिऱ्हाईक एसीच्या गारव्यावरच भाव पाडतं.
डॉक्टर वैरागडे तरी दोनलाच आले
मानकापूरला, माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये.
किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून म्हणाले,
"गोवर्धन, आकडा लिहून दे. खरा लिहजो."

निळी सुबारू.
ओसाकात कुणीतरी विकली, मोंबासाला उतरली,
नैरोबीत डॉक्टरांनी तीन वर्षं चालवली
आणि गावी परतताना गाद्या-भांड्यांच्या यादीत
चौसष्ट नंबरवर लिहून आणली.
न्हावाशेवाहून अजनीच्या डेपोपर्यंत
ती डब्यात बसून आली, पण फुकट नाही:
किमतीवर भाडं, भाड्यावर विमा,
तिन्हींच्या बेरजेवर जकात,
जकातीवर अधिभार,
आणि झालेल्या सगळ्यावर पुन्हा एक कर,
सावजीच्या रश्श्यावर तर्री तरंगते तसा.
गाडी साडेचार लाखांची.
आणायला लागले सात.
सासरे तेव्हा म्हणाले होते,
"एवढ्यात बेसा रोडले प्लॉट आला असता, जावईबापू."
आला असता.
त्या प्लॉटवर आज चार मजले आहेत. मी मोजलेत.

अहवालाचा कागद छापील असतो.
सन. किलोमीटर. कितवा मालक. रंग उडाला का.
शेवटी एक रकाना: मूळ बनावटीत बदल.
"हो" लिहिलं की दहा टक्के गेले.
मी "हो" लिहिलं.

बदल मीच केले होते.
त्या डिसेंबरात जपानहून टर्बो आला,
पेटीवर कुणा शहाण्यानं लिहिलेलं, "पंपाचा भाग".
कस्टमच्या साहेबांनी झाकण उचलून विचारलं,
"कोणत्या विहिरीवर बसवता हा?"
मग दंड, मग पावती, मग डेपोत ठेवल्याचं भाडं.
रात्री अकरा ते पहाटे चार, एका हॅलोजनखाली,
दोन बोल्ट तुटले,
अंगठ्याचं नख गेलं, ते परत आलं पण वाकडं.
मजुरी घेतली बावीसशे.
पाचला आम्ही जामठ्याच्या पुढं होतो,
काचेवर धुकं, डॉक्टर स्वेटरमध्ये,
आणि साडेतीन हजार फेऱ्यांवर
पाठीवर कुणाचा तरी मोठा तळवा टेकला
आणि बुटीबोरी स्वतःच चालून आली.
डॉक्टर काही बोलले नाहीत.
टोलच्या अलीकडे चहा घेतला, दोन दोन.

याला रकाना नाही.

घेणारा मुलगा कामठीचा. बोरकुटे, शुभंकर.
तेवीसचा असेल. बुटाच्या टोकानं टायर दाबून पाहिला,
आवाज ऐकला, पुन्हा एकदा ऐकला,
मग माझ्याजवळ येऊन हळूच,
"काका, हिचं हेड गॅस्केट इथं भेटते का?"
"इथं नाही."
"मग?"
"बाहेरून."
"केवढ्याले पडते?"
मी सांगायला लागलो: किमतीवर भाडं, भाड्यावर विमा...
वाटलं, पळेल.
त्यानं मोबाइल काढला आणि बेरीज करू लागला.
ज्याला घ्यायचं नसतं तो बेरीज करत नाही,
तो हसतो आणि स्कूटर काढतो.

मी आकडा टाकला. तीन लाख दहा.
तीन वीस टाकावासा वाटला.
दहा हजार म्हणजे काय, एक वाकडं नख.
नाही टाकला.

बाहेर निंबाखाली उभे होते ते आत आले.
कागदाकडे पाहिलंच नाही.
जुडगा उचलला आणि त्यातून
घराची किल्ली काढायला लागले.
कडी गंजलेली, निघेना.
घामानं बोट घसरत होतं.

मी ड्रॉवर उघडला,
लहान पकड शोधून त्यांच्या हातात दिली,
आणि पंख्याचा आवाज खूप येतो म्हणून
पंखा बंद करायला उठलो.