नजरी नकाशा

दोन फुलस्केप कागद, पेन्सिल, खोडरबर
आणि तहसीलमधून मिळालेली सूचनापुस्तिका:
पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण,
कोणी राहत नसेल तर आतून रेघा.

करंजपाणी. नाशिकहून पेठ रस्त्यानं यावं,
एसटी फाट्यावर सोडते,
पुढे पाऊण तास आपले पाय.
मे महिना. ओहोळात पाणी नाही,
पाण्याची वाट तेवढी आहे, गोट्यांची.

फाट्यावर कोतवाल चंदर बेंडकोळी,
हातात गेरूचा डबा, घरांवर नंबर घालायला.
म्हणाला, बाई, आधी शीव बघून घ्या.
मी वही उघडली. कुठाय?
ते काय, बिब्याचं झाड.
मला झाड दिसेना.
तोडलं ना, दहा वर्षं झाली.
शीव तिथंच आहे.

मी नसलेलं झाड काढलं,
त्याच्या बुंध्यापासून गाव सुरू केलं.

एकसष्ट त्रिकोण, नऊ चौकोन.
शाळा चौकोन. पावसात गळते.
त्रिकोण गळत नाहीत, चंदर म्हणाला, तेवढं लिहा.
तशी खूण पुस्तिकेत नव्हती.

घर क्रमांक सत्तावीस. कुलूप.
लिलक्यांचं बिऱ्हाड पिंपळगावच्या बागांत,
द्राक्षं संपली तरी परतलेलं नाही.
मी आत रेघा मारणार,
तर शेजारच्या हौशाबाईनं हात धरला.
कौल सरकवून तिनं दाखवलं:
अंधारात टोपलं, टोपल्यात कोंबडी,
पोटाखाली अकरा अंडी.
रिकामं कसं म्हणता? बाळंतीण आहे आत.

मी पेन्सिल खाली ठेवली. चहा घेतला.
रेघा अर्ध्यावरच राहिल्या.

दुपारी वर चढलो, सगळं एका नजरेत यावं म्हणून.
डोंगराच्या पोटावर राब भाजल्याच्या काळ्या चौकटी,
लांबून पाहणाऱ्याला वाटावं
इथं सगळी पक्कीच घरं आहेत.
मोहाचं एकेक झाड चंदरनं नावानिशी सांगितलं,
हे भोयांचं, हे यमुनाचं, सासरी जाताना तिला दिलेलं,
ती तिकडे गुजरातेत, फुलं वेचते तिची जाऊ,
वाटा मात्र पोचतो.
करवंदाच्या जाळीत पोरं. किती, ते मोजता आलं नाही,
नुसत्या जांभळ्या जिभा दिसत होत्या.
खाली खळी, शेणानं सारवलेली, गोल,
वर्तुळाला पुस्तिकेत विहीर म्हणतात.
मग मी खळ्यांत काहीच लिहिलं नाही.

कागद संपला तिथं ओहोळ संपला नव्हता.
दुसरा कागद जोडला. डिंक नव्हता,
हौशाबाईनं भाताची शितं दिली.

तहसीलमधले वाघेरे भाऊसाहेब
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
मॅडम, बाण कुठाय? उत्तर कुठली?
मी गप्प.
करंजपाणीत तीन दिवसांत
कोणी उत्तर-दक्षिण म्हणालंच नव्हतं.
वर म्हणायचे, डोंगराकडे,
आणि खाल म्हणायचे, पाणी जातं तिकडे,
नाशिकही खालच, पिंपळगावही, माणसंही.
मी कागदाच्या डोक्यावर डोंगर काढून बसले होते.

डोंगर पश्चिमेला असतो, ते म्हणाले,
आणि नकाशा हलकेच चतकोरभर फिरवून
कोपऱ्यात लाल बाण मारला.

डोंगर आडवा झाला.
ओहोळ भिंतीवरच्या पालीसारखा सरपटत निघाला.
सत्तर घरं कुशीवर वळली,
आणि माझा हात आपोआप पुढे गेला,
सत्तावीस नंबरच्या खाली ओंजळ धरायला.

काय पडलं? त्यांनी विचारलं.
काही नाही, म्हटलं.
टेबलावर शितं होती वाळलेली, दोन.
सही केली, पावती घेतली,
फाट्याला जाणारी गाडी सव्वाचारची.
बोटाला गेरू अजून होता.